आधी टाळी, मग पट्टी: लहान लेकरांचा संगीतवर्ग आणि पियानोची सुरुवात

वाढदिवसाला कीबोर्ड घरी येतो. आठ दिवस घरभर डेमोचं गाणं वाजतं, पाहुण्यांसमोर चार पट्ट्या दाबून दाखवल्या जातात आणि पोळ्याच्या आत तो कपाटावर चढतो. यात दोष लेकराचाही नसतो आणि कीबोर्डचाही नसतो. चुकलेला असतो तो क्रम. कानात काही नसताना हातात वाद्य आलं, तर पाच वर्षांच्या पोराला ते बटणांचं खेळणंच वाटणार. आधी कान, मग बोटं आणि कागद सगळ्यांत शेवटी, हा क्रम पाळला तर साध्या कीबोर्डवरही पाया पक्का होतो. तो मोडला तर महागातला पियानोही उपयोगाचा नाही.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी पियानो शिकवणारं कोणी मिळणं अवघड. पेटी वाजवणारे, भजनाला साथ करणारे मात्र जवळपास प्रत्येक गावात सापडतात. आणि सप्ताहात, हरिपाठाला आजीच्या मांडीवर बसलेल्या लेकरानं टाळ-मृदंगाचा ठेका बोलायला लागण्याआधीच ऐकलेला असतो. खालची सगळी मांडणी हे भांडवल धरूनच केली आहे.

कोणत्या वयाला काय

चार ते सहा वर्षांच्या मुलाला एकट्याची शिकवणी लावू नका. त्याचा संगीताचा वर्ग गटातच हवा. या वयात एका कामावर लक्ष पाच-सात मिनिटं टिकतं, आणि शेजारचं पोर टाळी वाजवतंय म्हणून हेही वाजवतं. ते अनुकरण हाच इथला खरा शिक्षक. करंगळी आणि अनामिका अजून एकमेकींना सोडून हलत नाहीत, त्यामुळे पाच बोटांचे धडे या वयात म्हणजे निव्वळ छळ. सहा ते सात या वयात गटातच पट्ट्यांची ओळख करून द्यावी. एकट्याची शिकवणी साताच्या पुढे. लेकरू स्वतःहून पट्ट्यांवर ऐकलेली चाल शोधायला लागलं, तर सहाव्या वर्षीही चालेल. उंचीपेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

गटात आठ मुलं असावीत, फार तर दहा. बारा झाली की मदतनीस लागतो. साडेचारच्या आतल्या मुलासोबत आई किंवा बाबा बसावेत. त्याहून मोठं असेल तर दाराबाहेर. आत बसलेले पालक दर मिनिटाला ‘चुकलं, चुकलं’ करतात आणि लेकरू शिक्षकाकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतं.

खोली आणि सामान

आठ मुलांना १२ बाय १५ फुटांची मोकळी खोली पुरते. फरशी आणि स्लॅब मोकळे असतील तर आवाज घुमतो आणि पोरं ओरडून गायला लागतात. जाड सतरंजी आणि एका भिंतीवर चादर किंवा गोधडी टांगली तरी फरक कळतो. पत्र्याचं छत असेल तर पावसाच्या सरीत गाणं ऐकूच येत नाही, म्हणून अशा दिवसासाठी पायांचे खेळ राखून ठेवावेत.

सामानावर फार खर्च नको. टिपऱ्यांच्या आठ जोड्या, नारळाच्या घासलेल्या करवंट्यांच्या चार जोड्या, दोन दिमड्या, एक पेटी आणि दोन कीबोर्ड एवढं बस्स. धातूचे टाळ बंद खोलीत आठ मुलांच्या हाती देऊ नका, दहा मिनिटांत सगळ्यांचीच डोकी उठतात. एकच जोडी ठेवा आणि पाळीपाळीनं द्या.

खुळखुळे घरीच करता येतात. २०० मिलीच्या कोरड्या बाटलीत दोन चमचे ज्वारी, झाकणाला आतून गोंद आणि बाहेरून चिकटपट्टी. अर्धी बाटली भरली तर दाण्यांना उडायला जागा राहत नाही आणि आवाज बसतो. ज्वारी आधी कोरडी भाजून गार करून घ्या, नाहीतर महिन्या-दीड महिन्यात सोंडे पडतात. तूर डाळीचा आवाज जाड येतो, राजगिऱ्याचा अगदी बारीक. तीन बाटल्यांत तीन धान्यं घालून ‘डोळे मिटा आणि ओळखा’ हा खेळही होतो.

यात्रेत मिळणारं रंगीत पट्ट्यांचं खेळण्यातलं झायलोफोन मात्र तपासल्याशिवाय आणू नका. त्यातली बरीच बेसूर असतात, आणि कान घडायच्या वयात बेसूर वाद्य म्हणजे चुकीची बाराखडी गिरवणं. मोबाइलवर ट्यूनरचं, म्हणजे सूर तपासायचं, फुकटचं ॲप टाका आणि प्रत्येक पट्टी वाजवून बघा. काटा मधल्या खुणेपासून सारखा दूर जात असेल तर ते तिथेच ठेवा.

४५ मिनिटांचा तास

हजेरी गाऊन घ्यायची, तिला पाच मिनिटं. मग दहा मिनिटं उभ्यानं पायांचा ताल, सात-आठ मिनिटं बसून टिपऱ्या, तेवढीच गाण्याला. पट्ट्यांना आठ मिनिटं. शेवटी पाच मिनिटं आडवं पडून नुसतं ऐकायचं आणि निरोपाचं गाणं म्हणून उठायचं. धावपळ आणि बैठक आलटून-पालटून हवी. सलग पंधरा मिनिटं बसवली की पोरं सतरंजीचे धागे ओढायला लागतात.

वर्ग बिघडतो तो बहुतेक पट्ट्यांच्या त्या आठ मिनिटांत. दोन कीबोर्डांवर दोघं बसतात, बाकीचे सहा मोकळे, आणि मोकळं पोर म्हणजे दंगा. उपाय सोपा आहे. प्रत्येक जोडीला दोन मिनिटं, म्हणजे चार फेऱ्यांत आठही मुलं होतात, आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी टिपऱ्यांवर ठेका धरायचा. ठेका थांबला की वाजवणाऱ्यांचंही थांबतं, असा नियम एकदा लावला की सहाजण आपोआप कामाला लागतात.

कीबोर्डवर पियानोचा एकच आवाज लावून ठेवा. डेमोच्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. हे हसण्यावारी नेऊ नका, या एका पुठ्ठ्यानं अर्धा तास वाचतो.

ताल: तोंडानं, पायानं, मग हातानं

चालताना पडणारं एक पाऊल म्हणजे एक मात्रा, तालाचा एक ठोका. लेकरांची चाल मोठ्यांपेक्षा जलद असते, म्हणून सुरुवातीला मिनिटाला १०० ते १२० मात्रांची लय ठेवा. पेटीवाले गुरुजी सवयीनं ६० ची संथ लय धरतात. मुलं दोन मात्रांच्या मधल्या पोकळीत थांबू शकत नाहीत, पुढे पळतात, आणि मग ‘यांना ताल नाही’ असा शेरा मिळतो. आधी त्यांच्या लयीला तुम्ही जा. महिन्याभरानं हळूहळू खाली आणा.

मात्रेची वाटणी शिकवायला जेवणातले शब्द चांगले. ‘दूध’ म्हणजे अख्खी मात्रा. ‘भा-जी’ म्हणजे मात्रेचे दोन भाग. ‘शि-रा-पु-री’ म्हणजे चार. पाय मात्रेवर चालत ठेवायचे आणि तोंडानं ‘दूध, दूध, भाजी, दूध’ असं म्हणायचं. हे जमलं की पखवाजाचे बोल द्या: ता, तक, तकधिमि. शब्द बदलले तरी वाटणी तीच. तीन भागांचा ‘तकिट’ मात्र घाईनं आणू नका, त्यात मुलं चारच्या वाटणीत घसरतात.

रिकाम्या मात्रेला ओठांवर बोट ठेवून ‘शू’. हा धडा फार मोलाचा आहे. पुढे पियानोवर हात उचलून थांबणं मोठ्या मुलांनाही जड जातं, त्याची सवय इथे लागते.

हंगेरीचे झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) आणि स्वित्झर्लंडचे एमिल जॅक-डालक्रोझ (१८६५–१९५०) यांच्या पद्धती बालसंगीतात जगभर चालतात. कोडाय यांच्या पद्धतीत मात्रांना ‘ता’, ‘ती-ती’ असे बोल आहेत, डालक्रोझ यांचा भर चालण्या-वळण्यावर. आपल्याकडे बोल आणि पावली दोन्ही आधीपासून आहेत, म्हणून परदेशी पुस्तक समोर नसलं तरी काही अडत नाही.

दुसऱ्या महिन्यात आठ मात्रांचा ठेका धरा. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर खाली, म्हणजे तळवा उलटा करून हवेत. केहरवा ताल असेल तर ‘धा गे ना ती, न क धी न’ म्हणत. हे पक्कं झालं की सहा मात्रांचा दादरा: ‘धा धी ना, धा ती ना’, टाळी पहिलीवर आणि खाली चौथीवर. झोका देत झुलायला लावलं की दादरा लगेच अंगात शिरतो.

सूर: ‘प ग’ पासून

पेटीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून ‘सा रे ग म प ध नी सा’ घोकून घेतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते झेपतं. चार-पाच वर्षांचं लेकरू मात्र ‘म’च्या पुढे नुसता आवाज चढवत जातं, सूर लागत नाही. त्याला दोन सुरांपासून सुरुवात हवी: प आणि ग. वरून खाली येणारा हा छोटा उतार पोरांच्या तोंडी सहज बसतो. अंगणातून मैत्रिणीला हाक मारतानाचा ‘सो-नूऽ’ ऐकून बघा.

हजेरी त्यावरच घ्या. शिक्षकानं ‘सो’ला प आणि ‘नू’ला ग गायचा, मुलीनं त्याच सुरात ‘आ-ले’ म्हणायचं. दोन-तीन आठवड्यांनी ‘ध’ घाला: प ध प ग. पावसाची, चांदोबाची बहुतेक बडबडगीतं या तीन सुरांत म्हणता येतात. नंतर खालचे सा आणि रे. म आणि नी शेवटी, कारण शेजारच्या सुरापासूनचं त्यांचं अर्ध्या सुराचं अंतर लहान कानाला नीट उमगत नाही.

गायची पट्टी कोणती, म्हणजे सा कुठे धरायचा? इथे फार मोठी चूक होते. भजनातले बुवा काळी एक किंवा काळी दोनमध्ये (सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून मोजून पडलेली ही नावं) भरदार खालच्या आवाजात गातात, पोरं त्यांची नक्कल करतात आणि घोगरं गुरगुरतात. गाणाऱ्या ताई काळी चार-पाच धरतात, तिथे सा मुलांच्या आवाजाच्या खाली जातो. लेकरांचा सोयीचा आवाज साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी एक-दोनपासून पांढरी सहापर्यंत असतो. म्हणून सा पांढरी एक किंवा पांढरी दोनवर धरा. शिक्षकाचा आवाज जाड असेल तर सूर पेटीवर द्यावा आणि वर्गातल्या नऊ-दहा वर्षांच्या एखाद्या मुलीला पुढे गायला सांगावं. लेकराला लेकराच्या आवाजाशी सूर जुळवणं सोपं जातं.

‘बेसूर’ म्हणून बाजूला काढलेल्या बहुतेक मुलांना सूर ऐकू येत असतो. गाण्याचा आवाज आणि बोलण्याचा आवाज वेगळा, हे त्यांना कळलेलं नसतं इतकंच. अशा मुलाला आधी ‘ऊऽऽ’ करत भोंग्यासारखा आवाज खालून वर, वरून खाली न्यायला लावा. मग त्याला हवा तो एक सूर लांबवू द्या आणि पेटीवर तो सूर तुम्ही शोधा. आपला आवाज आणि पेटीचा आवाज एक झाला की तो थरार मुलाच्या तोंडावर दिसतो. तो सूर धरून एक पट्टी वर, एक पट्टी खाली न्या. रोज दोन मिनिटं केलं तर बहुतेकांचा सूर जुळतो. सर्वांसमोर ‘तू नुसतं तोंड हलव’ म्हणणं हा मात्र कायमचा घाव आहे.

पट्ट्यांवर: आधी काळ्या

पांढऱ्या पट्ट्या सगळ्या सारख्या दिसतात, लेकरू त्यात हरवतं. काळ्यांचे मात्र दोनांचे आणि तिनांचे गट असतात: ‘दोनांचं घर’ आणि ‘तिनांचं घर’. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर दोनांची पाच आणि तिनांची पाच घरं आहेत. पहिल्या दिवशी मुलानं ती फक्त शोधायची. दोनांच्या घरावर दोन बोटं, तिनांच्या घरावर तीन. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून, चाचपून.

मग सांगा: दोनांच्या घराच्या डाव्या दाराशी जी पांढरी आहे ती पांढरी एक, म्हणजेच इंग्रजी ‘सी’. आता सगळ्या पांढरी एक शोध. लेकरू पाच शोधतं आणि थांबतं. सहावी अगदी उजव्या टोकाला एकटी असते, तिच्या पुढे घरच नाही. ती ज्याला स्वतःहून सापडली त्याला रचना कळली असं समजा.

सगळ्या पट्ट्यांवर स्टिकर चिकटवू नका. मूल अक्षरं वाचत राहतं आणि हात कधीच घर ओळखत नाही. शिवाय आपल्या मे महिन्यात गोंद वितळून पट्ट्या चिकट होतात. हवी तर एकच खूण, मधल्या पांढरी एकवर लाल टिकली, तीही पट्टीच्या मागच्या टोकाला. बोट पडतं तिथे लावली तर चार दिवसांत निघून बोटाला लागते.

काळ्या पट्ट्यांचा खरा फायदा आता येतो. नुसत्या पाच काळ्याच वाजवायच्या असं ठरवलं की कानाला खुपेल असं काही वाजतच नाही. काळी तीनला सा धरलात तर काळ्यांवर सा रे ग प ध येतात, म्हणजे भूप रागाचे सूर. काळी एकला सा धरला तर सा रे म प ध, दुर्गाचे. काळी पाचला सा धरला तर मालकंसाचे. राग शिकवायचा नाही, नावही सांगायची गरज नाही. शिक्षकानं डाव्या टोकाला सा सारखा वाजवत ठेवायचा आणि मुलानं वरच्या काळ्यांवर हवं ते वाजवायचं, बाकीच्यांनी टिपऱ्यांवर आठ मात्रा. सा काळी तीनवरून काळी पाचवर हलवला की तेच सूर अचानक गंभीर वाटायला लागतात. पोरं दचकून वर बघतात. हा बदल समजावून सांगू नका, दोन-चार वेळा ऐकू द्या.

बसणं आणि हात

पियानोच्या किंवा स्टँडवरच्या कीबोर्डच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटिमीटरवर असतात. सहा वर्षांच्या मुलाचं कोपर बैठकीपासून १६-१७ सेंटिमीटर वर येतं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला हवं, म्हणजे बैठक सुमारे ५५ सेंटिमीटर. मग पाय लोंबकळतात. पाय लोंबले की मूल पुढे घसरतं आणि हातावर भार देतं. पायाखाली सुमारे २५ सेंटिमीटरचा पाट-स्टूल ठेवा. डब्याची उंची बरोबर येत असली तरी डबा घसरतो.

जमिनीवर बसवायचं असेल तर नेहमीचा चौरंग उंच पडतो, खांदे कानाला लागतात. कीबोर्ड स्वतःच दहा सेंटिमीटरच्या आसपास जाड असतो, त्यामुळे खाली पाच सेंटिमीटरचा पाट पुरे. पेटी उंच असते, तिच्यापुढे लेकराला घडी केलेल्या घोंगडीवर बसवा.

हात कसा? तळव्यात जालन्याची छोटी मोसंबी धरली आहे असा, लहान हाताला लिंबू. नंतर लिंबू काढून घ्यायचं, आकार ठेवायचा. बोटाचं पहिलं पेर आत मोडत असेल तर रागवून उपयोग नाही, अजून स्नायूत जोर नसतो. काही आठवडे फक्त मधली तीन बोटं वापरा, एकेक सूर सुटा सुटा, हात वरून अलगद सोडत. अंगठा आणि करंगळी नंतर. दोन्ही हातांत अंगठा एक, करंगळी पाच. हे आकडे मुलाच्या हाताचा ठसा कागदावर काढून त्यावर लिहा.

पांढऱ्यांवर पहिली चाल ‘ग रे सा’ची, मग सा ते प अशी पाच सुरांची. पूर्ण सप्तक वयाच्या सात-आठ वर्षांनंतर. उजव्या हातानं सीच्या सप्तकात बोटं एक दोन तीन, अंगठा खालून, मग एक दोन तीन चार पाच अशी पडतात. अंगठा आत जाताना कोपर पंखासारखं उचललं जातं, तिथे बघा. तसं होत असेल तर तिसरं बोट आणि अंगठा एवढ्याच दोन पट्ट्यांची ये-जा दहा वेळा, हळू.

डावा हात पहिल्या महिन्यापासून जागा ठेवा, नाहीतर पेटीवाल्या मुलांसारखं होतं: उजवा पळतो, डावा मांडीवर. पण कॉर्डची, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायची, घाई नको. डाव्याला तंबोऱ्याचं काम द्या, करंगळीनं सा आणि अंगठ्यानं प, चार मात्रांतून एकदा. सा ते प म्हणजे पाचच पांढऱ्या पट्ट्या, सहा वर्षांचा हात न ताणता पोचतो. अख्खं सप्तक साडेसोळा सेंटिमीटर पसरतं, ते लहान हातानं ओढून गाठायला लावू नका. आणि आपल्या चालींना सा-पचा आधार साध्या कॉर्डपेक्षा जास्त शोभतो, हे आमचं स्पष्ट मत.

सारेगम की सी-डी-ई?

दोन्ही, पण भेळ न करता. सी-डी-ई ही पट्ट्यांची नावं आहेत, जागेवर पक्की. सा-रे-ग ही नाती आहेत, सा जिथे धराल तिथून मोजायची. ‘सा म्हणजे सी’ असं पाठ केलेलं मूल मंदिरात भजनाला बसलं, बुवांनी काळी दोन धरली, की गोंधळून हात काढून घेतं. म्हणून पट्टीचं नाव पेटीवाल्यांचंच घ्या, पांढरी एक, काळी दोन. सूर सा-रे-गने गा. पियानोच्या पुस्तकाची वेळ आली की पांढरी एकचं दुसरं नाव सी, एवढंच सांगायचं उरतं.

लिहिणं-वाचणं सातव्या वर्षानंतर. आधी देवनागरी सारेगम, भातखंडे पद्धतीनं: मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुराखाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या सुरावर टिंब, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मवर उभी रेघ. पाच ओळींची पाश्चात्त्य लिपी पियानोकडे जाणाऱ्यांना लागतेच, पण मूल पाच-सहा चाली कानानं वाजवत असेल तेव्हा.

काय घ्यावं, कसं जपावं

पहिलं वाद्य म्हणून ६१ पट्ट्यांचा, पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा आणि दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा कीबोर्ड. हेडफोनची जागा असावी. ३२ किंवा ३७ बारीक पट्ट्यांचं खेळणं नको; अंतराची सवय चुकीची लागते आणि वर्षभरात लागलेली ती सवय मोडायला पुन्हा वर्ष जातं. दोन्ही हात वेगवेगळं वाजवू लागले, की ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोचा विचार करा. खऱ्या, तारांच्या पियानोच्या वाटेला इकडे जाताना दोनदा विचार करा. त्याला दोनशेच्या वर तारा असतात, वर्षातून दोनदा सुरात लावावा लागतो, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून सूर उतरतो, पावसाळ्यात फुगून चढतो. सुरात लावणारा कारागीर जवळ नसेल तर हा कायमचा खर्च.

कूलर! मराठवाड्यात वाद्यांचा खरा शत्रू तोच. मार्चपासून जूनपर्यंत कूलरचा ओला झोत ज्या भिंतीवर जातो तिथे पेटी किंवा कीबोर्ड ठेवू नका. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, आतल्या सूर काढणाऱ्या पितळी पात्यांवर थर चढतो. अडकलेल्या पट्टीत तेल घालू नका, धूळ त्यातच बसते. पेटी दोन दिवस कोरड्या सावलीत ठेवा. तरी सुटली नाही तर कारागिराकडे.

ॲडॉप्टर कीबोर्डसोबत आलेलाच वापरा. काही मॉडेलना ९.५ व्होल्ट लागतात, काहींना १२, आणि पिनेच्या प्लस-मायनसची दिशाही सगळीकडे एक नसते. चौकातून आणलेला ‘बसतो’ म्हणजे चालतो असं नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा.

‘बिघडलं’ म्हणण्याआधी

घरी बरोबर वाजतं, वर्गात बेसूर येतं: सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं गेलं आहे. पडद्यावर शून्य आहे का बघा. डावीकडच्या पट्ट्या दाबल्या की अचानक ढोल-बाजा सुरू होतो: स्टाइल किंवा आपोआप साथीचं बटण चालू आहे. हळू आणि जोरात दाबून सारखाच आवाज येतो: दाबाप्रमाणे आवाज बदलणारी ‘टच’ची सोय बंद आहे. पण एकच पट्टी हळू दाबली तरी किंचाळत असेल किंवा मधूनच गप्प होत असेल, तर तिच्या रबराच्या संपर्कावर धूळ बसली आहे. आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक. वाजवून झालं की कापड टाकायची सवय लेकरालाच लावा.

घरचा सराव

पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून दोनदा पाच मिनिटं, सात वर्षांच्या मुलाला एकदा पंधरा. रविवारी तासभर बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. शाळेतून आल्यावर दूध झालं की लगेच, गृहपाठाच्या आधी. रात्री नऊला दमलेली बोटं चुकाच पाठ करतात. पहिल्या मिनिटाला जुनी येणारी चाल, मग नव्या चालीचे फक्त चार सूर, शेवटी काळ्यांवर हवं ते. नवीन चाल चुकत असेल तर पहिल्यापासून पुन्हा वाजवायला लावू नका. जिथे अडतं तेच दोन सूर तीनदा, आधी गाऊन. गाता आलं नाही तर बोटांना येणार नाही.

गॅदरिंगला वर्ग बसवायचा असेल तर दोन महिने आधी, दोन मिनिटांची एकच चाल. यूट्यूबवरच्या तयार ट्रॅकची लय बहुतेक वेळा मुलांना झेपत नाही. पेटी आणि टिपऱ्यांचा जिवंत ठेका त्यांच्यामागे थांबू शकतो, ट्रॅक थांबत नाही.

पेटीवरून पियानोवर

पेटीवर दोन वर्षं घालवलेलं मूल पियानोकडे गेलं तर कान तयार असतो, पण तीन गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. पेटीत आवाजाचा जोर भात्यात असतो, पट्टी कशीही दाबा; पियानोत तो बोटात असतो, म्हणून अशी मुलं सगळं एकाच जोरात वाजवतात. पेटीचा सूर दाबून ठेवाल तोवर टिकतो, पियानोचा विरत जातो, म्हणून लांब सुराचा पहिला आघात नीट हवा. आणि डावा हात आजवर भात्यावर होता. एकच चाल तीन वेळा, आजोबा झोपलेत तशी हळू, मग नेहमीसारखी, मग गल्लीला ऐकू जाईल तशी, हा खेळ रोज पाच मिनिटं दिलात की महिन्या-दोन महिन्यांत बोटांना जोराचा अंदाज येतो.

परीक्षा वयाच्या आठ-नऊ वर्षांच्या आत नको. पेटीसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ही पहिली पायरी. पाश्चात्त्य बाजूला ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत, दोन्हींचा अभ्यासक्रम वेगळा. फॉर्म भरताना कोणत्या रकान्यात खूण केली ते बघा. ६१ हलक्या पट्ट्यांवर सराव करून पियानोच्या परीक्षेला बसवलेलं मूल तिथल्या जड पट्ट्यांवर पहिल्याच ओळीत अडखळतं, म्हणून पियानो निवडला असेल तर निदान शेवटचे तीन महिने वजनदार पट्ट्यांवर बसायची सोय आधी करा.